मिशन ट्रिपवर मुलांना शिकवताना प्रार्थनेवर कसं विसंबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मंडळीच्या गटाबरोबर दहा दिवसांच्या मिशन ट्रिपवर, म्हणजे दुसऱ्या गावी जाऊन तिथल्या मंडळीबरोबर सेवा करायला, जायचं आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग अंगावर आला आहे आणि शिकवण्याचा अनुभव नाही. काळजी बोलून दाखवली की वडीलधारे म्हणतात, "प्रार्थना कर, प्रभू आयत्या वेळी शब्द देईल." मग तयारी करणं हा अविश्वास आहे का? वर्गात गोंधळ माजला तर प्रार्थना कधी आणि कशी करायची? आणि प्रार्थनेत काहीच जाणवलं नाही तर?

तयारी करा, आणि मन लावून करा. आयत्या वेळी शब्द मिळतील हे अभिवचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात आहे. ते कोणाला आणि कोणत्या प्रसंगासाठी दिलं आहे, ते तिथेच वाचा. शिष्यांना न्यायसभांपुढे, सुभेदारांपुढे, राजांपुढे ओढून नेतील, त्या वेळी काय बोलावं याची चिंता करू नका, असं प्रभू सांगतो. अटक सांगून येत नाही, त्यामुळे तिथे तयारीला वेळच नसतो. तुमच्या वर्गाची तारीख, वेळ, मुलांची वयं आणि पाठ तुम्हाला आजच ठाऊक आहे. हाताशी वेळ असताना तो न वापरणं आणि मग आयत्या वेळी शब्द मागणं, याला मी विश्वास म्हणणार नाही. वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तुमची भीती जावी म्हणून ते बोलतात. पण भीती घालवण्यासाठी प्रार्थना आणि तयारी यांतलं एक निवडायची गरज नाही.

मला या बाबतीत सगळ्यात जास्त शिकवलं ते जुन्या करारातल्या नहेम्यानं. तो पारसाच्या राजाच्या दरबारात चाकरीला असलेला यहूदी. त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात राजा अर्तहशश्त त्याला विचारतो, "तुला काय हवं?" आणि नहेम्या स्वर्गीय देवाची प्रार्थना करून लगेच उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली ती प्रार्थना एका श्वासाची असणार, कारण समोर राजा बसला आहे. अनेक जण एवढंच सांगतात आणि थांबतात. पहिला अध्याय मात्र किसलेव महिन्यात सुरू होतो आणि राजासमोरचा प्रसंग निसान महिन्यात घडतो. मध्ये सुमारे चार महिने गेले आहेत. यरुशलेमचा कोट पडल्याचं ऐकून त्या काळात तो रडला, उपास केले, रात्रंदिवस विनवणी केली. आणि राजानं विचारल्यावर त्याच्या तोंडून काय निघालं ते बघा. शहर पुन्हा बांधायला जाऊ दे असं म्हणून किती दिवस लागतील हे त्यानं सांगितलं, नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं मागितली, वेशींच्या लाकडासाठी राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याच्या नावे पत्र मागितलं. म्हणजे प्रार्थनेच्या त्या महिन्यांत त्यानं सगळा हिशेब मनाशी मांडून ठेवला होता. पुढे चौथ्या अध्यायात शत्रूंनी धमकावल्यावर तो म्हणतो की आम्ही देवाची प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. एकाच वाक्यात दोन्ही.

जॉर्ज म्युलरचं नावही अशा वेळी हमखास निघतं. प्रशियात १८०५ मध्ये जन्मलेल्या या माणसानं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १८३६ पासून अनाथ मुलांसाठी घरं चालवली, आणि त्याच्या हयातीत दहा हजारांवर मुलं त्या घरांत वाढली. माणसांकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचं, हा त्याचा नेम होता. तो त्यानं शेवटपर्यंत पाळला. पण याच म्युलरनं आलेल्या देणग्यांची बारकाईनं नोंद ठेवली आणि वर्षाच्या वर्षाला अहवाल छापून लोकांपुढे ठेवला. मुलांच्या शिक्षणाची आणि पुढे त्यांना काम मिळण्याचीही त्यानं नीट व्यवस्था लावली होती. त्याच्या प्रार्थनेचं उदाहरण देताना त्याच्या वह्यांचंही द्यायला हवं.

आता तयारी आणि प्रार्थना एकत्र कशी करायची ते सांगते, कारण बहुतेकांना ती दोन वेगळी कामं वाटतात. आधी धडा तयार करायचा आणि शेवटी "प्रभू, यावर आशीर्वाद दे" असं म्हणायचं, ही नेहमीची पद्धत. मी उलट सुचवते. गोष्ट एकदा मोठ्यानं वाचा आणि वही न उघडता देवासमोर बसा. या गोष्टीत मला स्वतःला काय कळलं, काय खटकलं, काय पटायला जड जातं, ते त्याला सांगा. पाच भाकरी आणि दोन मासे ही गोष्ट शिकवायची असेल तर आधी स्वतःला विचारा की माझ्याकडे जे थोडं आहे ते द्यायला मी तयार आहे का. मुलांना शिक्षकाच्या तोंडची उसनी वाक्यं चटकन ओळखू येतात. तुम्ही त्या गोष्टीबद्दल देवाशी खरोखर बोलला असाल तर सांगताना आवाजच वेगळा लागतो. त्यानंतर वही उघडा आणि लिहा: पाठातली एक गोष्ट, एक मुद्दा, एक कृती, एक गाणं. याकोबानं ज्ञान उणं असेल तर देवाकडे मागा असं आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे. ते ज्ञान वर्गात उभं राहिल्यावरच मिळतं असं त्यानं कुठेही म्हटलेलं नाही. आदल्या आठवड्यात टेबलापाशी बसूनही ते मागता येतं.

दुसरी गोष्ट मी फार महत्त्वाची मानते: नावं. "प्रभू, सगळ्या मुलांना आशीर्वाद दे" ही प्रार्थना चुकीची नाही, पण तिच्यातून शिक्षकाला काही करायला मिळत नाही. स्थानिक मंडळीकडून मुलांची यादी आधी मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर पहिल्या दिवशी नावं लिहून घ्या, उच्चार विचारून घ्या, आणि त्या संध्याकाळी एकेक नाव घेऊन प्रार्थना करा. एखाद्या नावाशी तुम्ही अडकाल. चेहराच आठवणार नाही. म्हणजे आज त्या मुलाकडे तुमचं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं की पहिल्यांदा त्यालाच शोधा. दुसऱ्या एका नावाशी राग वर येईल, कारण त्यानं दिवसभर छळलं असेल. तिथे जरा जास्त वेळ थांबा.

एका वर्गात एक मुलगा सतत दाराशी जायचा. हाक मारली की यायचा, दोन मिनिटांत परत दाराशी. गटातल्या सगळ्यांना तो उनाड वाटत होता. संध्याकाळी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करताना एक तरुण शिक्षिका म्हणाली, "प्रभू, तो दाराशी का जातो ते आम्हाला कळू दे." दुसऱ्या दिवशी तिनं त्याला रागावण्याऐवजी त्याच्या मागोमाग जाऊन बघितलं. बाहेर त्याची धाकटी बहीण बसलेली होती. वर्गाच्या वयात ती बसत नव्हती, म्हणून कोणी तिला आत घेतलं नव्हतं, आणि घरून तिची जबाबदारी त्याच्यावर होती. तिला आत घेतलं, त्याच्या शेजारी बसवलं. बाकी काहीच करावं लागलं नाही. हा मोठा चमत्कार झाला असं मी कोणाला पटवत बसणार नाही. पण प्रार्थनेत तो प्रश्न विचारला नसता तर त्या शिक्षिकेनं उठून दाराबाहेर पाहिलं नसतं, हे मला नक्की ठाऊक आहे. शिकवणाऱ्याच्या बाबतीत प्रार्थनेचं पहिलं काम बहुतेक वेळा हेच असतं. आपली नजर आपल्या पाठावरून उचलून समोरच्या मुलाकडे वळवायची.

वर्ग चालू असतानाची प्रार्थना लहानच असते. पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा तो दोन-तीन शब्दांत ओरडला, आणि येशूनं लगेच हात पुढे केला. "प्रभू, मदत कर." "प्रभू, धीर दे." "याच्याशी काय बोलू?" डोळे उघडे ठेवून, मनातल्या मनात. मुलांच्या वर्गात मोठ्या माणसानं डोळे मिटून राहणं तसंही बरं नाही. आणि या प्रार्थनेबरोबर शरीरानंही काही करा: बोलणं थांबवा, दोन पावलं पुढे या, आवाज चढवायच्या ऐवजी खाली आणा, मुलांना उभं करून एक कृतिगीत घ्या. सहा वर्षांचं मूल फार वेळ एका जागी बसूच शकत नाही. तो त्याचा बंडखोरपणा नसतो आणि त्यासाठी सैतानाला धमकावण्याची गरज नसते. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण थकलेल्या मुलांच्या चुळबुळीला आत्मिक लढाई समजून त्यांच्यावर मोठमोठ्यानं प्रार्थना करणारे लोक मी पाहिले आहेत. मुलं घाबरतात. त्यांना पाणी प्यायला आणि पळायला सोडायला हवं होतं.

इथेच आणखी एक सवय मोडायची आहे. गोंगाट वाढला की "चला, हात जोडा, डोळे मिटा, प्रार्थना करू या" असं म्हणून शांतता मिळवायची. शांतता मिळते, यात शंका नाही. पण मुलं त्यातून शिकतात की प्रार्थना म्हणजे मोठी माणसं वैतागली की आपल्याला गप्प बसवायला वापरतात ती गोष्ट. वर्ग शांत करायला टाळीचा ठेका ठेवा, एखादी खूण ठरवा, हात वर करा. मुलं शांत झाल्यावर, देवाशी बोलायचं असेल तेव्हाच, प्रार्थना म्हणा. तसंच मुलांना ऐकवायचा उपदेश प्रार्थनेत घालू नका. "प्रभू, जी मुलं आज ऐकत नव्हती त्यांना क्षमा कर" हे वाक्य देवाला उद्देशून नसतं, आणि ज्याच्यासाठी असतं त्या मुलाला ते बरोबर कळतं.

मुलांना प्रार्थना शिकवायची कशी? लूकाच्या ११ व्या अध्यायात शिष्य येशूला म्हणतात, "आम्हाला प्रार्थना करायला शिकवा." हे ते कधी म्हणतात? तो एका ठिकाणी प्रार्थना करत होता, ती संपल्यावर. त्यांनी आधी पाहिलं, मग मागितलं. तुमची मुलंही तुमच्याकडे पाहूनच शिकतील, म्हणून त्यांच्यासमोर साध्या भाषेत, त्यांना समजेल अशा गोष्टींसाठी प्रार्थना करा. दहा वर्षांच्या मुलाला पवित्रीकरण कळणार नाही. "आज मला भीती वाटत होती, तू बरोबर होतास, आभारी आहे" हे लगेच कळेल. प्रभूची प्रार्थना हातवाऱ्यांसह शिकवा, पण घाई करू नका, दिवसाला एक ओळ पुरे. एक ओळ घेऊन तिच्यावर चित्र काढू द्या. शेवटी दोघा-तिघांना, इच्छा असेल तरच, एक वाक्य मोठ्यानं म्हणू द्या. ज्याला म्हणायचं नाही त्यानं शेजाऱ्याच्या हातावर टिचकी मारून पुढे सरकवायचं, असा नियम ठेवला की कोणाला लाजल्यासारखं होत नाही. मुलं कुत्र्याच्या पिल्लासाठी, हरवलेल्या पेन्सिलीसाठी, वडिलांच्या दारूसाठी एकाच दमात प्रार्थना करतात. हसू नका, आणि कुठली मोठी कुठली लहान अशी निवडही करू नका.

ख्रिस्ती नसलेल्या घरांतली मुलंही बहुधा वर्गात असतील. त्यांच्या पालकांना आधी स्पष्ट सांगितलेलं असायला हवं की इथे बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या जातात आणि प्रार्थना होते. पालकांची संमती नसेल तर ते मूल त्या वर्गात नको. संमती असली तरी त्याच्या तोंडी प्रार्थनेचे शब्द घालू नका. शांत बसून ऐकण्याची मोकळीक असू द्या. जिथे जात आहात तिथला कायदा काय सांगतो ते गटप्रमुखाला आणि स्थानिक पाळकांना आधीच विचारा. "प्रार्थना आहे, काही होणार नाही" हे उत्तर स्वीकारू नका, कारण परिणाम तुम्ही परत गेल्यावर स्थानिक मंडळीला भोगावे लागतात.

मार्काच्या १० व्या अध्यायात लोक मुलांना येशूकडे आणतात, शिष्य दटावतात आणि येशू शिष्यांवरच रागावतो. मग तो मुलांना कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो, आशीर्वाद देतो. एवढंच. त्यानं त्यांच्याकडून काही म्हणवून घेतलं नाही, हात वर करायला लावले नाहीत, ती निघताना कोणी मोजली नाहीत. मिशन ट्रिपच्या शेवटच्या दिवशी "किती मुलांनी येशूला स्वीकारलं" हा आकडा अहवालात लिहायचा मोह मोठा असतो. मुलांना दूरवरून आलेल्या, खाऊ देणाऱ्या, प्रेमानं बोलणाऱ्या माणसाला खूश करायचं असतं. तुम्ही कोणताही प्रश्न विचारा, सगळे हात वर जातील. म्हणून मी वर्गात असं आवाहन करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मला ठामपणे वाटतं. एखादं मूल स्वतःहून येऊन विचारतं, तेव्हा जरूर बसा, ऐका, त्याच्याबरोबर प्रार्थना करा, आणि त्याच्या घरच्यांना व स्थानिक शिक्षकाला त्यात घ्या. प्रार्थनेवर खरोखर विसंबणाऱ्याला आकडा लागत नाही. पौलानं करिंथकरांना लिहिलं आहे की मी लावलं, माझा सहकारी अपुल्लोस यानं पाणी घातलं, पण देव वाढवत गेला. वाढ देवाच्या हाती आहे असं म्हणायचं आणि मग ती दहा दिवसांत दिसलीच पाहिजे म्हणून मुलांवर दबाव आणायचा, हे दोन्ही एका वेळी होऊ शकत नाही.

कठीण प्रार्थना येतील. "माझी आजी बरी होऊ दे." मागा की. तिचं नाव घेऊन मागा. पण "तू विश्वास ठेवलास तर ती बरी होईल" हे वाक्य कधीही तोंडातून काढू नका. आजी गेली तर ते मूल आयुष्यभर समजेल की माझा विश्वास कमी पडला. एकदा एका मुलीनं मला विचारलं, "मी रोज प्रार्थना केली तरी दादा गेला. देवानं ऐकलं नाही का?" तिला मी स्पष्टीकरण दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं आणि कोणाकडेच नसतं. मी तिला सांगितलं की आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला होता. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं स्वतः पित्याकडे मागितलं होतं की हा प्याला टळू दे, तो टळला नाही. मग आम्ही दोघींनी १३ व्या स्तोत्राची सुरुवात वाचली, ज्यात दावीद "किती काळ?" असं पुन्हा पुन्हा विचारतो. देवाला असं विचारता येतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

याहून गंभीर एक प्रसंग येऊ शकतो. प्रार्थनेच्या वेळी एखादं मूल सांगतं की घरी किंवा शेजारी कोणी मारतं, कोणी नको तसा हात लावतं. तिथे फक्त प्रार्थना करून मुलाला घरी पाठवणं हे त्याला सोडून देणं आहे. निघण्याआधीच गटात ठरवून ठेवा: असं काही कळलं तर कोणाला सांगायचं, तिथली बालसंरक्षणाची जबाबदारी कोणाकडे आहे, स्थानिक अधिकाऱ्यांपर्यंत कसं पोचायचं. मुलाला "कोणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. उलटतपासणी करू नका. ऐका, "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवून त्याच दिवशी पुढे कळवा. संध्याकाळच्या प्रार्थनासभेत सगळ्यांसमोर तो विषय मांडू नका. आणि कोणत्याही मुलाबरोबर एकट्यानं, बंद खोलीत प्रार्थना करायची नाही. दोन मोठी माणसं, उघडं दार, इतरांच्या नजरेसमोर. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा असेल तर आधी विचारा. लहानांना अडखळवणाऱ्याविषयी मत्तयाच्या १८ व्या अध्यायात प्रभू जे बोलला आहे (गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं), ते या नियमांवर कुरकुर करणाऱ्यांना वाचून दाखवा.

गटाच्या प्रार्थनेबद्दल थोडंच सांगते. सकाळी अर्धा तास पुरे, पण तो रोजचा असू द्या आणि त्यात दुभाषी असलाच पाहिजे. दुभाषी हा तुमच्या वर्गातला खरा आवाज आहे. मुलं त्याचेच शब्द ऐकतात. त्याला गोष्ट आदल्या दिवशी सांगा, कुठला शब्द अवघड आहे ते विचारा, त्याच्यासाठी आणि त्याच्याबरोबर प्रार्थना करा. त्याला त्याच्या भाषेत प्रार्थना करू द्या, तुम्हाला कळली नाही तरी चालेल. संध्याकाळी दिवसाचा आढावा घेताना मात्र जपा. "अमक्यासाठी प्रार्थना करू या, तो आज फारच चिडला होता" असं करत प्रार्थनेच्या आडून चहाडी सुरू होते. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याशी आधी बोला.

घरी राहिलेल्यांचंही काम आहे. प्रेषितांच्या कृत्यांत १३ व्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीनं उपास आणि प्रार्थना करून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना पाठवलं. १४ व्या अध्यायाच्या शेवटी ते परत येऊन मंडळीला सगळं सांगतात. म्हणजे पाठवणारे आणि जाणारे एकाच कामात होते. चार-पाच जण असे शोधा जे रोज ठरलेल्या वेळी तुमच्यासाठी प्रार्थना करतील. जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेवियन बंधूंनी (हा एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समुदाय) १७२७ मध्ये दिवसाचे २४ तास वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली, ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली, आणि १७३२ पासून तिथून मिशनरी बाहेर पडले. तुम्हाला २४ तास नकोत, तुमच्या वर्गाचे दोन तास वाटून घेतले तरी झालं. त्यांना नेमकं मागा. पौल तुरुंगातून कलस्सैकरांना लिहितो की मला जसं बोललं पाहिजे तसं मी स्पष्ट करून सांगावं म्हणून प्रार्थना करा. शिकवणाऱ्यासाठी याहून नेमकी विनंती मला माहीत नाही. "उद्या दहा वाजता दाविदाची गोष्ट आहे, मोठी मुलं कंटाळतात, लहान मागे पडतात, दोघांपर्यंत पोचावं" असं लिहा. मुलांची नावं, फोटो, घरची दुःखं मात्र त्या संदेशांत घालू नका. संदेश पुढे जातात, आणि त्या मुलाला कोणी विचारलेलं नसतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: काहीच जाणवलं नाही तर? बहुतेक दिवशी नाहीच जाणवणार. नवी जागा, अपुरी झोप, वेगळं अन्न, दिवसभर बोलून बसलेला घसा. संदेष्टा एलीया थकून झुडुपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. देवाचा मंद स्वर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला. म्हणून आधी झोपा. रात्री उशिरापर्यंत ताणलेल्या प्रार्थनासभेतून दुसऱ्या दिवशी मुलांवर खेकसणारी शिक्षिका तयार होते, हे मी गटप्रमुखांना नेहमी सांगते. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र वाचा, प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, यादीतली नावं एकामागून एक घ्या आणि आमेन म्हणा. रोमकरांच्या ८ व्या अध्यायात पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी ते आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो. पौलासारखा माणूस स्वतःला त्यात धरून "आपल्याला" म्हणतो, मग तुम्ही कोरडेपणाला अपयश का समजावं? जाणीव आली तर आभार माना. न आली तरी ठरलेल्या वेळी वर्गात जा, तयारी केलेली गोष्ट सांगा, आणि मुलांना नावानं हाक मारा.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक संडे स्कूलच्या शिक्षकांबरोबर तासभर बसा. तुमची नावांची यादी त्यांना द्या आणि प्रत्येकापुढे एखादी उपयोगी ओळ लिहा: हिला वाचायला आवडतं, हा मागे बसला की हरवतो, याची बहीण बरोबर असेल तर तो शांत असतो. जे मुलानं विश्वासानं सांगितलं ते कागदावर नको. त्यांनाही विचारा की त्यांच्या वर्गासाठी काय मागायचं. त्यांचं उत्तर बहुतेक वेळा तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं असतं, कारण ती मुलं ते वर्षानुवर्षं ओळखतात. ते लिहून घ्या, महिन्यातून एकदा त्यांना निरोप पाठवून चौकशी करा, आणि पुढच्या वर्षी तुमचा गट जाणार नसेल तर ते त्यांना आत्ताच सांगा, म्हणजे मुलं वाट बघत राहणार नाहीत.